यंत्र फिरतं तेवढा वेळ

९ फेब्रुवारी

दहा माणसं, आठवड्याला पस्तीस तास, दोन वर्षं. सरकारशी माझा सौदा एवढाच आहे. तिकडचा कारखाना विकला, तो पैसा इकडे आणून हे वर्कशॉप टाकलं आणि त्यावर तिघांना इथे राहण्याचा दोन वर्षांचा कच्चा परवाना मिळाला: मी, ही आणि मुलगी. इथल्या दहा माणसांना दोन वर्षं पूर्णवेळ काम दिलं की परवाना पक्का, मग कोणी हलवू शकत नाही. या महिन्याच्या अठ्ठावीसला दोन वर्षं भरतात. अर्ज गेलाय. तपासनीस आता कधीही येईल, असं वकीलबाई म्हणाल्या.

येऊ दे. दहाच्या दहा माणसं आहेत. पंपांच्या पिना आणि बुश बनवतो आम्ही, शतांश मिलिमीटरच्या आत. आजवर एक खेप परत आलेली नाही.

एकच गोष्ट टोचते. या अर्जात मुलगी आहे. हा फसला तर नव्या अर्जात ती बसणार नाही, कारण तीन जूनला तिला एकवीस पुरी होतात. एक्स-रे काढण्याचं शिक्षण घेते आहे, हुशार आहे. पण फसेल कशाला? फसण्यासारखं काही मी ठेवत नाही.

१२ फेब्रुवारी

वह्यांबद्दल इथे नोंदवून ठेवतो. दारातल्या घड्याळात माणसं कार्ड घालतात, त्यावर आल्या-गेल्याची वेळ उमटते आणि त्यावरून पगार निघतो. ते काम अर्धवेळ, म्हणून दहांत न धरलेल्या कारकुनाकडे, ज्याला सगळे चष्मेवाला म्हणतात. आठवड्याचे चाळीस तास, पगार चाळीसचा. ठीक आहे. पण माणूस इमारतीत आहे म्हणजे तो कामावर आहे, हे मानायला मी काही सरकार नाही.

म्हणून माझ्या दहा वह्या वेगळ्या. दर माणशी एक, दर आठवड्याला एक पान. माझ्या टेबलासमोरच्या काचेतून दहाही यंत्रं दिसतात. चहा बारा मिनिटं, गप्पा सात, फोन चार, संडास नऊ, सगळं वजा. शेवटी खाली खरे तास. चौदाव्या वर्षी लेथच्या कारखान्यात लोखंडाचा बुरा झाडायला लागलो, तिथल्या म्हाताऱ्या मालकाने शिकवलं होतं की यंत्र फिरतं तेवढा वेळ काम, बाकी सगळं नुसतं हजर राहणं. सातवीनंतर मला तेवढीच शाळा. पुढचं सगळं परक्या भाषेतली यंत्रांची पुस्तकं शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. पदवीवाले येऊन माझ्याकडून मायक्रोमीटर धरायला शिकून गेले आहेत.

वह्यांवरून मी कोणाचा एक पैसा कापत नाही. फक्त मला माहीत असावं, एवढंच.

२१ फेब्रुवारी

ग्राइंडरवर जी बाई आहे ती दर मंगळवारी आणि गुरुवारी दीडला मागच्या दाराने जाते, साडेचारला येते. कार्ड न घालता. चष्मेवाल्याला माहीत असावं, तो त्या वेळी नेमका खाली वाकून काहीतरी शोधत असतो. दीड वर्ष होत आलं. मी बोललो नाही, कारण त्या दिवशी ती सातच्या आधी येते, जेवायला बसत नाही आणि दोनशे चाळीस पिना पूर्ण घासून देते. नग पूर्ण तर पगार पूर्ण. पण वहीत तीन तास वजा, कारणाच्या रकान्यात ‘कारण नाही’. जाण्यायेण्याची वेळ मात्र घड्याळ लावून घ्यावी अशी. हा गुण मान्य करायला हवा.

आज ही वर्कशॉपमध्ये येऊन सहामाही कागदांवर सह्या करून गेली. कंपनीत भागीदार म्हणून हिचं नाव आहे. फॉर्मात दोन ओळी होत्या म्हणून घातलं. मी पेन्सिलीने फुली मारून ठेवतो, ही तिथे सही करते. सह्या केल्यावर सगळ्यांना चहा देत फिरली, अठरा मिनिटं गेली. दहाही वह्यांत वजा केली.

हिचा भाषेचा वर्ग मंगळवार-गुरुवार, दुपारी. दीड वर्ष जाते आहे पण बोलण्यात फारसा फरक नाही. शिक्षक बरा नसावा.

६ मार्च

तपासनीस आला. तिशीचा पोरगेला माणूस, पायात पळण्याचे बूट. दहा माणसं मोजली, प्रत्येकाशी दोन-दोन मिनिटं बोलला, कार्डांचा गठ्ठा चाळला, पगारपत्रकाशी जुळवला. सगळं जुळलं. तासाभरात पिशवी बंद करायला लागला.

मला ते बरं वाटलं नाही. दोन वर्षं मी ज्यासाठी डोळ्यांत तेल घालून बसलो ते त्याने पाहिलंच नाही. कार्डांवरून कोणाला काय कळणार? कोणीही ठेवील अशी कार्डं. मी म्हणालो, थांबा, हे सगळं ढोबळ आहे, अस्सल हिशेब दाखवतो. आणि कपाटातून दहाही वह्या काढून त्याच्यासमोर मांडल्या.

चष्मेवाला त्या वेळी फार खोकत होता. तीन-चार वेळा माझ्याकडे बघून खोकला. उद्या त्याला औषध घ्यायला सांगितलं पाहिजे.

तपासनीस पुन्हा बसला. पानं उलटत राहिला. हे सगळं तुम्ही स्वतः लिहिता का, विचारलं. म्हटलं, एकटा, रोज, पंधरा वर्षांची सवय आहे. खालची बेरीज कसली, विचारलं. म्हटलं, प्रत्यक्ष काम केलेले तास. तो म्हणाला, इतक्या तपशिलाने ठेवलेली नोंद माझ्या नोकरीत मी पाहिली नाही. मग परवानगी विचारून प्रत्येक वहीच्या शेवटच्या तेरा पानांचे फोटो काढले. एकशे तीस पानं, बेचाळीस मिनिटं. मी प्रत्येक पान त्याला सपाट धरून दिलं, सावली पडू नये म्हणून.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, ‘त्या वह्या कशाला दाखवल्यात?’ म्हटलं, उत्तम काम लपवून ठेवायचं असतं का?

१४ एप्रिल

नोटीस. तीन पानं.

पगारपत्रकात दर माणशी चाळीस तास आणि मालकाच्या स्वहस्ते ठेवलेल्या नोंदीत सरासरी तेहतीस तास पन्नास मिनिटं. दोन्ही परस्परविरोधी. मालकाच्या नोंदी अधिक तपशीलवार असल्याने त्या विश्वसनीय मानण्यात येत आहेत. सबब पस्तीस तासांची दहा पूर्णवेळ माणसं होती हे सिद्ध होत नाही. तीस दिवसांत खुलासा द्यावा.

तीनदा वाचली. माझीच वही, माझीच बेरीज. बेरजेत एकही चूक निघाली नाही.

मुलीला सांगितलेलं नाही.

१५ एप्रिल

वकीलबाईंनी विचारलं, दोन्हींतलं खरं कुठलं? म्हटलं, दोन्ही. त्या म्हणाल्या, असं नसतं.

मग त्यांनी कायदा सांगितला. चहा, यंत्र पुसणं, माल येईपर्यंत थांबणं, संडास, हे सगळं कायद्याने कामातच धरतात. जगात सगळीकडे धरतात, म्हणाल्या. मी ते वजा केलं हे कोणत्या कायद्याने? मी म्हाताऱ्या मालकाचं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

उपाय आहे. दहाही जणांनी शपथेवर लिहून द्यायचं की वजा केलेला वेळ कामाचाच होता. नऊ जणांचं सोपं आहे, कारण ती माणसं इमारतीत होती. अडचण ग्राइंडरवालीची. आठवड्याचे सहा तास ती आवारातच नव्हती. चाळीसातून सहा गेले की चौतीस; सातच्या आधीचा आणि जेवणाचा वेळ कार्डावर धरत नाहीत. एका तासाने जातंय. आणि दहाऐवजी नऊ धरली की अर्ज संपला.

मात्र भरपगारी रजा असेल तर तेही तास धरतात, म्हणाल्या. रजा हवी, तिचं कारण हवं, परवानगी हवी आणि तिची सही हवी. तुम्ही तिला विचारा. मी म्हटलं, मसुदा मी स्वतः करतो. त्या म्हणाल्या, मसुदा नंतर. आधी विचारा.

१८ एप्रिल

ज्याची त्याची वही ज्याच्या त्याच्या पुढे ठेवली. काय मागतोय ते कळायला हवं ना.

जुना लेथवाला दहा मिनिटं वाचत होता. साठीचा आहे. म्हणाला, ‘मालक, माझा मूत्रविकार अख्खा आहे की ह्यात. एक प्रत द्या, डॉक्टरला दाखवतो. त्याला एवढं माहीत नाही.’ सगळे हसले. मग सही केली. ड्रिलवाल्याने एक पान उघडून मला दाखवलं आणि हा कोणता दिवस आहे, आठवतं का, असं विचारलं. फोन, सव्वीस मिनिटं. मला आठवेना. तो म्हणाला, भाऊ गेला त्या दिवशीचा. तेवढंच बोलला आणि सही करून गेला. वेल्डिंगवालीने विचारलं की तुमची स्वतःची वही कोण लिहितं? हे हसण्यावारी नेण्यासारखं होतं पण कोणी हसलं नाही.

नऊ सह्या झाल्या. ग्राइंडरवालीने वही उभ्याने चाळली, बंद केली, जिथून घेतली तिथे परत ठेवली आणि यंत्र सुरू केलं. आज दोनशे चाळीस पूर्ण.

२१ एप्रिल

जेवताना हिने विचारलं, किती सह्या झाल्या. सांगितलं की एक राहिली आणि ती का अडली आहे. हिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, ‘तिला जा म्हणून मी सांगितलं होतं.’

म्हटलं, तू कोण सांगणारी? आणि तुला ती कुठे भेटली? तर म्हणे चहा देताना. कशाला जाते, विचारलं. ही म्हणाली, ते तिने मला सांगितलंय, तुम्हाला नाही. तुम्ही विचारा. मी म्हटलं, वेळ माझ्याकडे मिनिटासह आहे, जाण्याचं कारण तिने आपण होऊन द्यायला हवं. मी काय चौकशा करत फिरू?

बायकांच्या चहातल्या गोष्टी शपथपत्रात चालत नाहीत. परवानगी मालकाची लागते.

२४ एप्रिल

काम सुटल्यावर तिच्या घरी गेलो, दुसरा मजला. जिना अरुंद, एकोणतीस पायऱ्या. दोन खोल्या, त्यांतल्या एकीचं दार लावलेलं. टेबलावर मसुदा ठेवला. नीट बांधलेला मसुदा, एकही शब्द जास्तीचा नाही. तिने हात धुतले, पुसले आणि उभ्याने वाचला.

‘ह्यात लिहिलंय मी तुमच्या परवानगीने जात होते.’

‘पगार कापला नाही. म्हणजे परवानगीच झाली.’

‘कधी दिलीत?’

ती खुर्ची ओढून बसली आणि मला बसा म्हणाली. मी उभाच राहिलो.

‘माझ्या मुलाने त्याच्या मालकाच्या सांगण्यावरून एक सही केली. साक्षीदार म्हणून. एकच ओळ होती, सगळे म्हणाले त्यात काय एवढं. तीन वर्षांसाठी आत आहे. मंगळवार-गुरुवार भेटायचे वार. जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास.’

म्हणजे आत एक तास वीस मिनिटं, तपासणी धरून. हे माझ्या डोक्यात आपोआप झालं. तिला ते दिसलं की काय, कोण जाणे.

मग ती म्हणाली, ‘मालकीणबाई म्हणाल्या होत्या, जा, मी आहे. पहिल्या आठवड्यापासून माझ्याबरोबर गाडीत येतात. मी आत जाते, त्या बाहेर बाकावर बसतात. ते लिहा. ते खरं आहे. ते लिहिलंत तर मी आत्ता सही करते.’

मी तिला समजावलं की रजा देण्याचा अधिकार मालकाचा असतो, हिला तो नाही, आणि अधिकार नसलेल्या माणसाची परवानगी लिहिणं म्हणजेही खोटंच. तिने कागदाची बरोबर मधोमध घडी घालून तो माझ्या हातात दिला.

‘मग राहू द्या,’ म्हणाली.

रागाने नाही. राग असता तर मी उत्तर दिलं असतं.

रात्री जेवण नको म्हटलं. सतरा महिने, आठवड्याला दोन, म्हणजे साधारण एकशे शेहेचाळीस दुपारी. या दैनंदिनीत ज्या ज्या दिवशी ‘ही वर्गाला गेली’ असं लिहिलंय ते सगळं चूक आहे. हिला विचारलं, वर्ग नव्हताच? नव्हता, म्हणाली. मग मला सांगितलं का नाहीस?

‘तुम्ही लिहून ठेवलं असतंत,’ ही म्हणाली.

दिवा मालवायच्या आधी आणखी एक म्हणाली. ‘कागदांवर माझी सही चालते, मग माझं जा का चालत नाही?’ म्हटलं, सहीची गोष्ट वेगळी. फुलीवर सही करायला काय लागतं?

३ मे

वकीलबाईंना सांगितलं की ती सही करत नाही. का, विचारलं. म्हटलं, मसुद्यातली एक गोष्ट तिला मान्य नाही. हिचं काही सांगितलं नाही. घरातल्या गोष्टी वकिलापुढे कशाला?

मग त्या म्हणाल्या की एकच मार्ग उरतो. तुम्ही स्वतः शपथेवर लिहा की तोंडी रजा दिली होती. तिला कोणी बोलावणार नाही, तुमचा शब्द ग्राह्य धरतील. दिली होती ना?

विचार करून सांगतो म्हटलं.

८ मे

पाच दिवस हेच. ती पहिल्यांदा गेली तो गुरुवार मला आठवतो. काचेतून पाहिलं. उठलो होतो. दारापर्यंत गेलो आणि मग परत येऊन बसलो, कारण तिच्या टेबलावरचा नगांचा ट्रे भरलेला दिसला. ही परवानगी का? बाहेरून मोजलं तर तसं दिसेल. पण मी आत होतो. मी ट्रे पाहिला, तिला पाहिलं नाही. जा असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

आज संध्याकाळी मुलीला टंकायला बसवलं. मी सांगत होतो. मी पाहिलं. मी थांबवलं नाही. मी पूर्ण पगार दिला. मी कारण विचारलं नाही. सदर गैरहजेरी माझ्या माहितीत होती.

ती थांबली. ‘बाबा, इथे गैरहजेरीच्या जागी रजा टाकू?’

‘नको.’

‘एक शब्द आहे.’

‘म्हणूनच.’

पडद्यावर कर्सर लुकलुकत होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मग मी सांगितलं तसं टंकलं, छापलं, पानं सारखी करून दिली. तिच्या बोटाला टाचणी लागली, थोडं रक्त आलं. पान बदलायला सांगितलं.

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळं ऐकत होती.

१२ मे

नऊ शपथपत्रं आणि माझं एक, पोचपावतीसह रवाना. वकीलबाईंनी माझं वाचून चष्मा काढला आणि डोळे चोळले. म्हणाल्या, तुम्ही माझे अशील आहात की त्यांचे साक्षीदार?

३ जून

मुलीला एकवीस पुरी झाली. बाहेर जेवायचं का विचारलं, अभ्यास आहे म्हणाली.

२९ जून

उत्तर नाही. ग्राइंडरवाली मंगळवारी गेली. आज वहीत काही लिहिलं नाही. रकाना रिकामा ठेवला. रिकामा रकाना बघवेना म्हणून संध्याकाळी वहीच कपाटात ठेवली.

ही आता उघड जाते. एकला डबा भरते, दोघींचा.

१९ ऑगस्ट

नामंजूर.

नऊ माणसं पूर्णवेळ धरली आहेत. दहाव्या पदाबाबत असं लिहिलंय की मालकाने स्वतःच ‘गैरहजेरी’ असा शब्द वापरला असून कोणतीही परवानगी दिल्याचा उल्लेख नाही. मालकाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही, असंही एक वाक्य आहे. ते वाक्य मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.

तीस सप्टेंबरच्या आत देश सोडायचा. मुलगी विद्यार्थी म्हणून राहू शकेल, शिक्षण संपेपर्यंत. एकटी.

२२ ऑगस्ट

हे लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

वकीलबाईंकडे मुलीच्या विद्यार्थी-परवान्याचे कागद करायला तिघं गेलो होतो. काम झाल्यावर त्या सहज म्हणाल्या की अजूनही कळत नाही, ती बाई दीड वर्ष कोणालाच न विचारता कशी जात होती. तर ही म्हणाली, तिच्या त्या तोडक्यामोडक्या भाषेत, ‘मला विचारून. मी जा म्हटलं.’

वकीलबाईंनी कपाटातून कंपनीची फाइल काढली. मागची पानं उलटली. एका पानावर बोट ठेवून माझ्याकडे वळवली. हिचं नाव, भाग चाळीस टक्के, ‘कामगारविषयक निर्णयांचे अधिकार दोन्ही भागीदारांस स्वतंत्रपणे’. खाली पेन्सिलीची फुली, पुसायची राहिलेली, आणि त्यावर हिची सही.

‘ह्यांनी जा म्हटलं तर कंपनीने जा म्हटलं. रजाच होती ती,’ वकीलबाई म्हणाल्या. ‘तुम्हाला हे कधी कळलं?’

म्हटलं, एकवीस एप्रिलला.

त्यांनी फाइल बंद केली. अपील करता येतं का, मुलीने विचारलं. येत नाही. जो पुरावा तेव्हा हातात होता तो नंतर चालत नाही. तेव्हा हातात होता. दोघींनी सांगितलं होतं, एकीने घरात, एकीने तिच्या घरी, आत्ता सही करते म्हणून. मी तिला अधिकार समजावत बसलो होतो.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, ‘तो कागद मी वाचला होता. सगळेच वाचते.’ तेवढंच. मुलगी पुढे चालत होती. तिने चाल कमी केली नाही.

२४ ऑगस्ट

माणसांना सांगितलं. जुन्या लेथवाल्याने विचारलं, तारीख नक्की का? नक्की, म्हटलं. तो म्हणाला, तुमची तारीख म्हटल्यावर नक्कीच असणार. चष्मेवाल्याला म्हटलं, तू त्या दिवशी खोकत होतास. हो, म्हणाला. खोकला नव्हता, म्हणाला.

११ सप्टेंबर

यंत्रं गेली. ग्राइंडर शेवटी. नेणाऱ्या माणसांनी पाया तिरका धरला, मी ओरडलो नाही. दहांपैकी चौघांना काम मिळालंय, सहांना नाही. ग्राइंडरवाली सहांतली.

त्या दहा वह्यांचं काय करायचं, हिने विचारलं. मी कपाट उघडून दिलं. हिने ज्याची त्याला देऊन टाकली. कोणी नाही म्हटलं नाही.

२७ सप्टेंबर

मुलीचं सामान हलवलं. खोली हिने ठरवली होती, मला आज तिथे पोचल्यावर कळलं. अरुंद जिना बघूनच ओळखलं. ग्राइंडरवालीचं घर. जे दार त्या दिवशी लावलेलं होतं ती खोली. पलंग, एक खिडकी, भिंतीवर मुलाच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा, तारखा टाकलेल्या. चांगल्या बारीक खुणा आहेत. ती असं काही मोजून लिहून ठेवणारी बाई आहे, हे मला दोन वर्षं काचेतून दिसलं नव्हतं.

भाडं किती, ग्राइंडरवालीला विचारलं. ते दोघींचं ठरलंय, म्हणाली. दोघी म्हणजे ही आणि ती.

ही आणि मुलगी खाली गाडीतून खोकी काढत होत्या. आम्ही दोघंच वर होतो. मी उभा होतो, ती उशीला खोळ घालत होती. माझ्या तोंडून निघालं, ‘मुलगा कसा आहे?’

तिने खोळीचं टोक सारखं केलं. ‘वजन उतरलंय. बाकी ठीक.’

‘अजून किती?’

‘चारशे बारा दिवस.’

मुलीचं शिक्षण संपायला सहाशे सव्वीस. हे मी मनात केलं, नेहमीसारखंच झालं. म्हणजे तो सुटून येईल तेव्हा मुलीचे दोनशे चौदा दिवस शिल्लक असतील, आणि ही खोली त्याची आहे. कोणाच्याच लक्षात आलेलं नाही. हिच्याही नाही. मी सांगितलं. दोनशे चौदा दिवसांचा प्रश्न येईल, म्हटलं.

तिने उशी पलंगावर टाकली. ‘तोपर्यंत बघू,’ म्हणाली.

आम्हा दोघांची फ्लाइट परवा सकाळी सहा पन्नासला आहे. तोपर्यंत बघू म्हणजे किती, हे विचारायला तोंड उघडलं होतं. खालून मुलीने हाक मारली, ‘बाबा, गादी.’ एकोणतीस पायऱ्या उतरलो. गादीचं एक टोक तिने धरलं, दुसरं मी. जिन्याच्या वळणावर गादी अडकली तेव्हा मुलगी म्हणाली, थोडं तुमच्या बाजूला. मी किती ते न विचारता सरकलो.